बिनवायरचा झाडू घ्यावा का?

मैत्रिणींनो, या खेपेला विषय आहे केराचा. नाक मुरडू नका! साड्यांवर, दागिन्यांवर, लोणच्या-पापडांवर आपण भरभरून बोलतो. पण सकाळी उठल्यावर जी वस्तू सगळ्यांत आधी हातात येते, त्या झाडूबद्दल चार शब्द कुणी बोलत नाही. गेल्या दोन महिन्यांत मात्र मला तीन जणींनी एकच प्रश्न विचारला. मुरूमच्या एका भगिनीनं पत्रातून, शाळेतल्या एका बाईंनी मधल्या सुट्टीत, आणि आमच्या शेजारणीनं गॅलरीतून : "ते भिंतीला टांगायचं, वायर नसलेलं व्हॅक्यूम क्लीनर घ्यावं का हो?"

प्रश्न साधा आहे, पण रक्कम साधी नाही. ही यंत्रं सात-आठ हजारांपासून सुरू होतात आणि पन्नास हजारांच्याही वर जातात. माझ्यासारख्या तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या बाईच्या हिशोबानं सांगायचं तर मधल्या किमतीच्या यंत्रासाठी कित्येक महिन्यांचं मानधन एका खोक्यात जातं. म्हणून जाहिरात बाजूला ठेवून आपल्या घराच्या उंबरठ्याच्या आत काय घडतं ते बघू या.

आधी आपली धूळ. जाहिरातीतली बाई पांढऱ्याशुभ्र फरशीवरून चार चिमण्यांएवढा कचरा उचलते आणि हसते. उमरग्याची धूळ अशी हसरी नाही. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं आपलं गाव, त्यात काळी माती. उन्हाळ्यात ती पिठासारखी होऊन खिडकीच्या फटीतून येते. तुरीच्या, सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की मळणीयंत्राचा भुसा वेगळा. पूर्वी माळवदाची घरं होती तेव्हा वरूनही माती गळायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माळवदाची अशी धास्ती बसली की ज्याला जमलं त्यानं स्लॅब टाकला. वरून गळणारी माती थांबली. दारातून येणारी काही थांबली नाही. आणि खाली फरशी कोणती? अजूनही पुष्कळ घरांत शहाबादी, पलीकडच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या नावाची. टिकायला लोखंड! पण दोन फरश्यांच्या मधल्या दरजांत जे काही बसतं ते केरसुणीनं निघत नाही, ओल्या फडक्यानं तर तिथंच लिंपलं जातं. आपल्याला यंत्र जोखायचं आहे ते या दरजांवर, गालिच्यावर नव्हे.

व्हॅक्यूम क्लीनर आपल्याकडं नवा नाही. लंडनमध्ये १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी पहिलं मोठं यंत्र काढलं, ते घोडागाडीवर होतं म्हणे! गाडी रस्त्यावर उभी आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात. आपल्या देशात १९८२ पासून युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले विक्रेते दारोदार फिरले, आणि मोठ्या शहरांतल्या कितीतरी घरांत 'युरोक्लीन' आलं. माझ्या सोलापूरच्या मावशीकडंही आलं. पहिल्या महिन्यात तिनं सोफ्यातून, गादीतून निघालेली धूळ वर्तमानपत्रावर ओतून सगळ्या वाड्याला दाखवली. दिवाळीनंतर यंत्र माळ्यावर गेलं ते गेलंच. का? ओढायला नको, ताकद तर भरपूर होती. पण माळ्यावरून काढा, नळी जोडा, वायर सोडा, प्लग शोधा, खोली बदलली की प्लग बदला, आणि शेवटी सगळं गुंडाळून पुन्हा वर चढवा. एवढ्यात केरसुणीनं दोन वेळा घर झाडून होतं!

बिनवायरच्या यंत्राची खरी खुबी इथं आहे. त्याची ताकद जुन्या डब्यापेक्षा बहुधा कमीच असते. पण ते खुंटीवरून काढलं, बटण दाबलं, काम झालं, खुंटीला लावलं. नाश्त्यानंतर पोह्यांचे शेव-दाणे सांडले, अर्ध्या मिनिटात उचलले. रोज हातात येतं तेच यंत्र उपयोगी. म्हणून घेताना पहिला प्रश्न 'ताकद किती?' हा विचारू नका. 'हे आपल्या घरात रोज कोण उचलणार, आणि त्या माणसाला ते उचलेल का?' हा विचारा.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तीन यंत्रं एकाच दिवशी, एकाच फरशीवर चालवून पाहिली. एक शेजारणीचं, सात-आठ हजारांचं. एक माझं, पंधरा हजारांच्या आसपासचं. तिसरं धाकट्या जाऊबाईंचं, चाळीस हजारांच्या वरचं. ती सोलापूरहून गाडीनं येणार होती म्हणून मुद्दाम सांगून आणवलं. ("वहिनी, लोक माहेरी जाताना साडी नेतात, मी सासरी येताना झाडू आणला," असं ती हसून म्हणाली.) बाजारात डायसन, फिलिप्स, युरेका फोर्ब्स, इनाल्सा, अगारो अशी नावं दिसतात; पण मी या तिघांची नावं देत नाही. एकाच कंपनीची चार-चार मॉडेलं असतात, आणि आज दुकानात आहे ते सहा महिन्यांनी असेलच असं नाही. नावापेक्षा खुणा ध्यानात ठेवा.

फरशीवर मूठभर रवा, मूठभर साबुदाणा, थोडी ज्वारी आणि फणीतले केस टाकले. शेजारणीच्या यंत्राला पुढं ताठ केसांचा फिरता ब्रश. त्यानं रवा बरा उचलला, पण साबुदाणा गोळा करायच्या ऐवजी उडवला. एक दाणा थेट देवघरात! असा ब्रश गालिच्यासाठी असतो. आपल्या गुळगुळीत फरशीला मऊ, कापडासारख्या लव असलेला रूळ हवा. माझ्या यंत्राला तो आहे. त्यानं रवा, साबुदाणा एका फेरीत घेतला, ज्वारीला दुसरी फेरी लागली, आणि दरजांसाठी चपट्या तोंडाची नळी लावावी लागली. जाऊबाईंच्या यंत्रानं पहिल्याच फेरीत दरजांतली मातीसुद्धा ओढली. कबूल करायलाच हवं, ते बघताना डोळ्यांना गार वाटलं.

पण मग ते सासूबाईंनी हातात घेतलं. दोन पावलं चालल्या आणि ठेवून दिलं. "याच्यापरीस माझी केरसुणी हलकी," म्हणाल्या. या यंत्रांचं वजन अडीच-तीन किलोच्या घरात असतं. त्यात मोटर, बॅटरी, डबा सगळं वर, मुठीपाशी. म्हणजे अडीच लिटरची भरलेली दुधाची किटली एका हातात धरून घरभर फिरायचं. शिवाय काही यंत्रांना खटका सतत दाबून धरावा लागतो. ज्यांची बोटं सांध्यांनी दुखतात त्यांनी एकदा दाबून सुरू राहणारं बटणच घ्यावं. दुकानात नुसतं बघू नका. पाच मिनिटं हातात धरून उभ्या राहा, वर करून पंख्याच्या उंचीला नेऊन बघा. आणि दांडा आडवा करून जमिनीला टेकतो का, तेही बघा. दिवाणाखाली, कपाटाखाली जाणार नसेल तर खाली वाकणं काही चुकलं नाही.

केसांचं सांगायचं राहिलं. आपल्या लांब केसांचं रुळाभोवती दोरखंड होतं, तिन्ही यंत्रांत झालं. रूळ हातानं निघतो ना, हे बघून घ्या. आठवड्याला एकदा जुन्या कात्रीनं केस कापून काढावे लागतात.

आता आकड्यांचा घोळ. दुकानदार कधी वॉट सांगतो, कधी पास्कल. वॉट म्हणजे मोटर वीज किती खाते, एवढंच. ती धूळ किती ओढते हे त्यावरून कळत नाही. युरोपात तर २०१४ साली १६०० वॉटच्या आणि २०१७ साली ९०० वॉटच्या वरचे घरगुती व्हॅक्यूम विकायला बंदी आली, कारण कमी विजेतही चांगली सफाई होऊ शकते. पास्कलचा आकडा म्हणजे तोंड बंद केल्यावर यंत्र किती जोरानं ओढतं ते. उसाच्या रसाची नळी बोटानं दाबून तोंडानं ओढली तर गालफडं आत जातात, पण रस एक थेंब येत नाही. ओढ आणि वाहणारी हवा दोन्ही हवीत. काही कंपन्या 'एअर वॉट' देतात, त्यात दोन्हींचा हिशोब असतो. दोन यंत्रं ताडून बघायची तर हाच आकडा त्यातल्या त्यात बरा.

अजून एक गंमत. युरोपातल्या विजेच्या लेबलसाठी ही यंत्रं रिकाम्या डब्यानं तपासत. डायसन कंपनी त्याविरुद्ध कोर्टात गेली, आणि २०१८ साली कोर्टानं तो नियमच रद्द केला. घरात डबा रिकामा कुठं असतो? तुम्हीही दुकानात प्रयोग दाखवला तर डबा थोडा भरलेला असताना दाखवायला सांगा. डबे अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे मोठे. आपल्या गावात दोन खोल्यांत भरतात. तो उघडताना धूळ भसकन अंगावर येते, म्हणून अंगणात, वर्तमानपत्रावर, वाऱ्याकडं पाठ करून उघडावा.

सगळ्यांत महत्त्वाचं मात्र बॅटरी. हे यंत्र विकत घेणं म्हणजे बॅटरी विकत घेणं, बाकीचं सगळं तिच्याभोवती. आत मोबाईलसारखीच लिथियम-आयन बॅटरी असते. ही १९९१ साली बाजारात आली, आणि ती घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. नोबेल मिळालं तरी ती म्हातारी व्हायची ती होतेच! तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण भरली-रिकामी झाली की तिची धारणा साधारण ऐंशी टक्क्यांवर येते. आता गणित करा. रोज पूर्ण रिकामी केली तर वर्षाला ३६५ वेळा. म्हणजे दीड वर्षात फरक जाणवायला लागणार. रोज निम्मीच वापरली तर तेच आयुष्य दुप्पट. म्हणून खोक्यावरच्या 'चाळीस मिनिटं चालतं' या वाक्याला भुलू नका. ती चाळीस मिनिटं सगळ्यांत कमी ताकदीवर असतात. पूर्ण ताकदीवर जाऊबाईंचं महागडं यंत्रसुद्धा दहा मिनिटांच्या आत थांबलं. रोजच्या झाडण्याला कमी ताकद पुरते. दरजा आणि पायपुसणं यापुरतीच जास्त वापरा.

आणि आपला उन्हाळा! चाळीस-बेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत, नाहीतर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर चार्जर ठोकला तर बॅटरी लवकर मरते. घरातली सगळ्यांत गार भिंत निवडा. एप्रिल-मे मध्ये दुपारी चार्जिंग नको, रात्री उशिरा किंवा पहाटे करा. विजेचं बिल वाढेल ही भीती सोडा. एका युनिटमध्ये अशी बॅटरी दहा-बारा वेळा भरते. वीज गेलेली असतानाही झाडता येतं, ही मात्र आपल्याकडं मोठी सोय.

म्हणून घेताना दोन गोष्टी पक्क्या करा. बॅटरी बटण दाबून वेगळी निघते का? आणि सुटी बॅटरी किती रुपयांना मिळते? काही वेळा ती किंमत ऐकूनच यंत्र नको वाटतं, तसं वाटलं तर घेऊ नका. आमच्या शेजारणीची बॅटरी आठव्या महिन्यात बसली. यंत्राला एक वर्षाची हमी, पण बॅटरीला सहाच महिन्यांची, हे हमीपत्राच्या मागं बारीक अक्षरात छापलेलं होतं. विकताना दुकानात कुणी बोललं नाही. ते बारीक अक्षर पैसे देण्याआधी वाचा, चष्मा लावून वाचा.

ज्यांना बॅटरीची ही कटकटच नको त्यांच्यासाठी तशीच दांड्याची, पण वायर असलेली यंत्रं दोन-तीन हजारांपासून मिळतात. हलकी असतात, वाटेल तितका वेळ चालतात, बॅटरी नाही म्हणून म्हातारीही होत नाहीत. दोन-तीन खोल्यांचं घर आणि खोलीगणिक प्लग असेल तर मी म्हणेन हेच घ्या, आणि उरलेल्या पैशात घराला जाळीचं दार बसवा. धूळ आत यायलाच कमी होईल.

कोणतंही यंत्र घ्या, काही गोष्टी त्याला खायला घालू नका. पाणी आणि ओला कचरा तर नाहीच. उदबत्तीची, धुपाटण्याची राख गरम असू शकते, ती नाही. चुना, सिमेंट, भिंत घासल्यावरची भुकटी नाही. आणि मैत्रिणींनो, रांगोळी नाही! दिवाळीत दारातली रांगोळी यंत्रानं उचलायचा मोह होतो. ती दगडाची बारीक पूड फिल्टरमध्ये गच्च बसते. रांगोळीला खराटाच बरा. फिल्टर पाण्यानं धुता येत असेल तर धुतल्यावर पूर्ण चोवीस तास सावलीत वाळवा. पावसाळ्यात तो वाळत नाही, म्हणून एक जादा फिल्टर आधीच मागवून ठेवा. ओला फिल्टर घातला की वासही येतो आणि मोटरही जाते.

मुरूमच्या भगिनीनं लिहिलं आहे की त्यांच्या सुनेला धुळीनं दम लागतो, म्हणून यंत्राचा विचार चालू आहे. यावर थोडं सविस्तर लिहिते. कोरड्या केरसुणीनं झाडलं की बारीक धूळ हवेत उडते आणि बराच वेळ तरंगत राहते. झाडणाऱ्याच्या नाकात ती सगळ्यांत आधी जाते. मजेची गोष्ट अशी, की आजच्या व्हॅक्यूमचा एक पूर्वज दम्याच्या माणसानंच घडवला. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये जेम्स स्पँगलर नावाचे साफसफाई करणारे गृहस्थ होते. झाडण्याच्या धुळीनं त्यांना त्रास व्हायचा, म्हणून त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं. १९०८ साली त्याचं पेटंट मिळालं, आणि पुढं हूवर कुटुंबानं त्याचा धंदा वाढवला. तेव्हा कल्पना चुकीची नाही. पण यंत्राच्या मागून बाहेर पडणारी हवा गाळलेली हवी. 'हेपा' दर्जाचा फिल्टर म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण शंभरातले ९९.९७ अडवणारा. खोक्यावर 'हेपासारखा' असं लिहिलं असेल तर ती नुसती शब्दांची रांगोळी समजा. शिवाय डबा ओतण्याचं काम सुनेकडं देऊ नका. फरशी ओल्या फडक्यानं पुसणं, गाद्या-उशांना ऊन दाखवणं चालूच ठेवा. आणि दमा हा डॉक्टरांचा विषय, यंत्राचा नव्हे; तिचा पंप चालू असेल तर तो चालूच राहू द्या.

अजून एक गोष्ट लिहायला जरा अवघड वाटते, तरी लिहिते. यंत्र आलं की काही घरांत पहिला हिशोब होतो तो केर-फरशीच्या बाईंचा. आमच्याच गल्लीत एकीनं नऊ वर्षांच्या बाईंना 'आता झाडायचं नाही' म्हणून पगारातून पैसे कापले. अहो, यंत्र केर काढतं. फरशी कोण पुसणार? भांडी कोण घासणार? आणि सणावाराला तुम्ही आजारी पडलात तर खुंटीवरचं यंत्र चहा करून देणार आहे का? माझ्या घरी आम्ही बाईंनाच यंत्र चालवायला शिकवलं. पहिले दोन दिवस त्या बिचकल्या, आता दिवाणाखालून त्याच काढतात. त्यांचीही कंबर कंबरच आहे, बरं का! कामाचे पैसे तेवढेच ठेवले.

आणखी एक फरक घरात दिसला. केरसुणीला जन्मात हात न लावणारे आमचे हे, यंत्र म्हटल्यावर ते हातात घेऊ लागले. चिरंजीवही घेतात. यात यंत्राचा गुण किती आणि खटक्याचा किती, देव जाणे. मी काही विचारत बसले नाही. रविवारचा हॉल त्या दोघांकडं दिला आहे. सासूबाईंची तेवढी एक अट : दिवेलागणीनंतर यंत्र लावायचं नाही. केरसुणी तर लक्ष्मीपूजनाला पूर्वीसारखीच पुजली जाते, आणि अंगणाला खराटा आहेच.

घ्यायचं ठरलंच तर बिल मागून घ्या, आणि दुरुस्ती कुठं होते ते दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. सोलापूरला, लातूरला, की कंपनीचा माणूस घरी येऊन नेणार? 'होईल की' हे उत्तर नाही. मोबाईलवरून मागवलंत तर खोकं हमीची मुदत संपेपर्यंत टाकू नका, परत पाठवताना तेच लागतं. फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यानंही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी आपल्याला धाराशिवलाच जायचं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीची फीही नाही.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबली गेली तर ती पेट घेते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी तिथंच द्या. तोवर तिच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या, गार जागी ठेवा.